गुलाबी फेटा आणि उन्हातले सेल

ये गं, जवळ सरक जराशी. जवळ म्हणजे कागद जवळ धर, चष्मा लाव, आणि ती कानातली बोंडं आधी काढून ठेव. केसात लपवलीस तरी व्हिडिओ कॉलवर दिसतात मला. मामी इकडं जीव तोडून बोलतेय आणि पोरगी तिकडं मान डोलवतेय. ती मान माझ्यासाठी डोलते का गाण्यासाठी, हे काय मला कळत नाय व्हय? परवा म्हणालीस, "मामी, तुमच्या वेळी बिचाऱ्यांना करमणूक काय होती गं?" आणि नागपंचमीला येतेस का विचारलं तर म्हणालीस, "बघते." बघते म्हणजे नाही, एवढं मराठी मला येतं.

तर बिचाऱ्यांना करमणूक काय होती, ते सांगते. तुझ्या आईला माहेरी आणायला आम्हाला रेडिओ स्टेशन लागलं होतं. हसू नको. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, आणि ते स्टेशन चाललं नसतं तर पुढंही जन्मली असतीस का, देव जाणे.

आपलं गाव चितेगावच्या पुढं, आत. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि तुझे आजी-आजोबा. मी नवी सून. आजीला मी आत्याबाई म्हणायची, आजोबांना मामंजी. तुझ्या आईचं लग्न गंगेपलीकडं, म्हणजे गोदावरीच्या पल्याड, ठरलं. नवरदेव, म्हणजे तुझा बाप, ऐन लग्नाच्या तोंडावर रुसला. काय पाहिजे? तर रेडिओ. मामंजी म्हणाले, "एवढीशी पेटी, तिच्यात माणूस बोलणार, असलं भुताटकीचं मी देत नाय." पण लोकांनी समजावलं, गेले शहरात, गुलमंडीच्या बाजारात. दुकानदारानं रेडिओ लावला, तर मामंजी पेटीला कान लावून असे बसले की संध्याकाळी दुकानदारानं फळी लावायला घेतली तेव्हा उठले. एक रेडिओ जावयाला दिला. पण ती पेटी हातातून सुटताना त्यांचा चेहरा लेक सासरी जाताना उतरला नव्हता तेवढा उतरला. पुढच्या लोकरीच्या हंगामात अगदी तसाच दुसरा रेडिओ त्यांनी स्वतःला आणला. आत्याबाई म्हणायच्या, ही दोघं जुळी भावंडं. हा इथं जे बोलतो तेच तो तिथं बोलतो. दुपारी बायांचा कार्यक्रम लागला की त्या हातातलं काम ठेवायच्या. चकलीची भाजणी सांगत असोत नाहीतर बाळाचं वजन, कार्यक्रमाशी त्यांना देणंघेणं नसायचं. माझी लेक आत्ता हेच ऐकत असंल, एवढंच त्यांचं.

कारण लेक दिसत नव्हती. लग्न झाल्यापासून ती माहेरी आलीच नव्हती. आणि त्याला कारण, फेटा.

गुलमंडीतूनच मामंजींनी इवायाला, म्हणजे तुझ्या बापाच्या बापाला, मानाचा गुलाबी फेटा आणला होता. कापडवाल्याला विचारलं, रंग पक्का आहे ना? तो म्हणाला, "चाचा, आदमी जाता, रंग नइ जाता." लग्न वैशाखात. मांडवात इवाई-इवायाची गळाभेट झाली, आणि घामानं तो फेटा असा पाझरला की इवायाच्या पांढऱ्या मिशा गुलाबी झाल्या. कपाळ गुलाबी, कान गुलाबी. वऱ्हाडातल्या बायांना पदराआड हसू फुटलं. तो रंग साबणानं जाईना, राखेनं जाईना. माणूस गुलाबी मिशा घेऊन बाजारात जायचा, आणि लोक विचारायचे, "पाव्हणं, यंदा होळी लवकर आली का?"

इवायानं निरोप धाडला: आधी माफी मागा, मग लेक न्या.

मामंजी म्हणाले, "फेटा पक्काच व्हता. त्याचं टकुरंच कच्चं." आणि हे कोण म्हणतंय, तर ज्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर गळाभेटीचा गुलाबी डाग अजून तसाच होता तो माणूस. तो सदरा ते घालायचे, डाग दिसू नये म्हणून वरून घोंगडं घ्यायचे, उन्हाळ्यात सुद्धा.

असे दोघं अडून बसले. पंचमी आली, गेली. लिंबाला झोका बांधला, त्याच्यावर कोंबड्या बसल्या. दुसरी पंचमी आली, गेली. आत्याबाईंना काय बोलायची सोय? इहिणीनं इवायापुढं जायचं तर पदर नाकापर्यंत, तोंडातून शब्द नाही. आणि नवऱ्यापुढं बोलायचं तर तो रेडिओचा आवाज वाढवायचा. पण एक मामंजी करायचे. बायांच्या कार्यक्रमाच्या वेळी रेडिओ आत्याबाईंजवळ ठेवून घरामागच्या वाड्यात मेंढरांत जायचे. मी एकदा पेंड द्यायला गेले तर एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभे, डोळे लाल. मला बघून म्हणाले, "चुलीचा धूर लई झालाय." चूल घराच्या त्या अंगाला, आणि सकाळपासून विझलेली.

असं चाललेलं असताना एक दिवस गावात स्टेशनची जीप आली. आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, रेडिओ स्टेशन नवंच निघालं होतं आणि त्यांना जात्यावरच्या ओव्या पाहिजे होत्या. गावानं आत्याबाईंचं घर दाखवलं, कारण त्यांचा गळा. एक बाई उतरली, खांद्याला भलं मोठं मशीन. पुरुषांना तिनं अंगणाबाहेर काढलं, कोंबड्या हाकलल्या, दार लावून घेतलं. मामंजी मेंढरं घेऊन माळावर होते. आत आम्ही तिघीच. जात्याच्या खुंट्याला एका बाजूनं आत्याबाई, एका बाजूनं मी.

बाई म्हणाली, "मावशी, लाजू नका. अगदी मनातलं म्हणा."

झालं. तिनं हे म्हणायला नको होतं.

दोन-चार ओव्या देवाच्या झाल्या, एक भावाची झाली. मग आत्याबाईंनी डोळे मिटले, आणि जातं अंमळ हळू झालं.

लेकीचा गं बाप, बाहीर ताठ जसा खांब
मेंढरांच्या आड बाई, डोळ्याला नाही थांब

माझ्या हातातला खुंटा सुटायचाच राहिला. मी डोळे वटारले, मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले, कोणाकडं बघणार!

गुलाबी फेट्यापायी, लेकीची अडली वाट
इवाईदादा माझ्या, सोडा मनाची गाठ

चुकलं आमचं म्हणाया, त्याला वाटते लाज
त्याच्या वाटचं चुकलं, मी म्हणते जात्यात आज

झोका बांधला लिंबाला, वाऱ्यानं नुसता झुले
धाडा माझी साळू, पंचमी तिच्यानं फुले

बाईनं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "वा मावशी, किती जिवंत!" तिला काय ठाऊक, जिवंत म्हणजे किती जिवंत. पुढच्या मंगळवारी दुपारी बायांच्या कार्यक्रमात लागेल, असं सांगून जीप गेली.

मी दार लावलं. "आत्याबाई, हे काय केलं? मामंजींची माफी तुम्ही मागितली, ते पण समद्या मराठवाड्यापुढं! रडतात म्हणून सांगितलं! घर डोक्यावर घेतील ते."

"घेतील तर घेतील. मी काय भांडले का? जात्यावरचं बोलणं भांडणात धरत नसतात."

आणि ते खरंय बरं का. आपल्याकडं ती रीतच. तोंडानं म्हटलं तर सून वाया गेली, इहीण तोंडाळ. तेच जात्यावर म्हटलं तर, वा, काय गळा आहे. नणंदेला, जावेला, दिराला, कोणालाही जात्यावरून सुनवावं, ऐकणाऱ्यानं गपगुमान ऐकावं आणि पीठ खावं. आजवर ते ऐकायला उंबऱ्याच्या आतली माणसं असायची, एवढाच फरक.

कासारीण बांगड्या घेऊन गंगेपलीकडं चालली होती, तिच्याकडं आत्याबाईंनी सांगावा दिला: मंगळवारी दुपारी तुमची इहीण रेडिओवर गाणार हाय, समद्यांनी ऐका.

इकडं मामंजींना काय माहीत? त्यांना एवढंच माहीत की आपली मंडळी रेडिओवर. त्यांनी गावभर आवतण दिलं. मंगळवारी मेंढरं माळावर सोडलीच नाहीत, वाड्यातच ठेवली, त्यांनी दिवसभर बें-बें करून कार्यक्रमात भाग घेतला. कार्यक्रम दुपारी, पण मामंजींनी रेडिओ लावला पहाटे. स्टेशन उघडायच्या आधी ती धून वाजते ना, तिच्यासकट. मी म्हटलं, "मामंजी, लई वेळ हाय."

"लवकर लावला तर लवकर येईल."

पारावर घोंगडं अंथरलं, त्याच्यावर रेडिओ, रेडिओला हळदकुंकू. भजनं लागली तेव्हा लोक हात जोडून बसले. मग दिल्लीच्या बातम्या. एक म्हातारं म्हणालं, "ह्यात नाव न्हाय आलं तुझ्या मंडळीचं." मामंजी म्हणाले, "आधी दिल्लीवाल्यांना बोलून घेऊ दे. मानाचा गडी शेवटी येतो." मग एक गवई लागले. लई मोठे असतील, मला त्यातलं कळत नाही, पण ते एकाच शब्दाला धरून इतका वेळ बसले की म्हातारं काळजीत पडलं. "ह्याला कुठं दुखतंय रं?"

"गप. हा उठला की आपलीच हाय."

ते उठले, आणि रेडिओ बंद पडला. बंद म्हणजे काय, सकाळची सभा संपली. त्या काळी स्टेशनला पण मधी जेवायला, वामकुक्षीला सुट्टी असायची. बाईनं "नमस्कार" म्हटलं, आणि नुसतं खर्रर्र. आता शहाण्या माणसानं बटण बंद करावं की नाही?

"मामंजी, बंद करा. सेल जातील."

"बंद केला अन् पुन्हा तिथंच न्हाय लागला तर? काटा हलला तर? मुंबई लागंल, मद्रास लागंल. कोण जबाबदार?"

मग काय, पारावर बसून आख्ख्या गावानं ती खरखर ऐकली. मन लावून ऐकली. एक-दोघांनी मान पण डोलवली, तुझ्यासारखी. मी घरात गेले तर आत्याबाई मिरच्या कांडत होत्या, लागत नसताना. तोंडावर पदर, डोळ्याला पाणी, ते मिरचीचं का कशाचं कोण विचारणार.

"आत्याबाई, अजून येळ हाय. रेडिओ बिघडला म्हणून सांगू का?"

"बिघडू दे. आपला बिघडला तर बिघडू दे." मुसळ थांबलं. "पलीकडचा चालला पाह्यजे."

तिकडं खरखर बारीक होत चालली. मामंजींच्या ध्यानात आलं आणि एकच धावपळ. दुकान चितेगावला, जाऊन येईपर्यंत कार्यक्रम होऊन जाणार. मग आपला नेहमीचा उपाय. सेल काढले आणि उन्हात ठेवले. तुला माहीत नसेल, सेल मेले की उन्हात तापवायचे, थोडा जीव धरतात. पण दिवस आषाढाचे, ढग येतोय, ऊन जातंय. मामंजी सेल घेऊन उन्हाच्या मागं हिंडायला लागले. ऊन पारावर, सेल पारावर. ऊन मारुतीच्या पायरीवर, सेल पायरीवर. मागून आख्खं गाव. एकदा ऊन शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसलं, तर मामंजी ह्या वयात पत्र्यावर चढले आणि ढगाकडं बघून ओरडले, "सरक की बाजूला! माझ्या बायकोचा कार्यक्रम हाय!" आत्याबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. मुसळ बाजूला ठेवून तोंड धुतलं, आणि पारापाशी येऊन बायांत बसल्या.

सेल घातले, काटा जागेवर होता. लागला बायांचा कार्यक्रम! आवाज असा, जसं कोणी विहिरीतून बोलतंय. सगळे कान पुढं. आधी कोणा डॉक्टरीणबाईनं बाळाला काय चारावं ते सांगितलं, मामंजी हात चोळतायत, "आटप बाई, आटप." आणि मग जात्याची घरघर आली, आणि आत्याबाईंचा गळा. अगं, काय सांगू. मेंढरं सुद्धा गप झाली, शप्पथ. देवाच्या ओव्या झाल्या. भावाची झाली. मी आत्याबाईंचा हात धरला.

लेकीचा गं बाप...

आणि सेल गेले.

खरखर नाही, काही नाही. पेटी थंड. मामंजींनी थाप मारली, हलवली, उलटी केली, कानाला लावली. मी म्हटलं, आता चिडतील. तर हा माणूस पारावर उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "ऐकलं का रं? माझ्यावर ओवी म्हटली! मराठवाड्यात माझ्यावर ओवी!"

लोकांनी पाठ थोपटली. म्हातारं म्हणालं, "काय म्हटलं असंल पुढं?" मामंजींनी आत्याबाईंकडं पाहिलं. "पुढं काय व्हतं गं?"

आत्याबाई म्हणाल्या, "खांब. तुम्हाला खांब म्हटलंय."

"खांब!" मामंजी सगळ्यांना म्हणाले. "घराचा!"

चार-पाच दिवस ते गावातून खांबासारखे चालत होते. आणि आत्याबाई वाटेकडं बघत होत्या. पंचमी तोंडावर आली. कोण येईना, सांगावा येईना. पलीकडचा रेडिओ चालला का नाही, चालला तर इवाई काय समजले, कळायला मार्ग नाही. आता तर आणखी बिघडलं असेल, असं त्यांना वाटायला लागलं. "माझ्या तोंडाला कुणी कुलूप घालायला पाहिजे व्हतं," म्हणायच्या. झोका बांधायला दोर काढला आणि पुन्हा आत ठेवून दिला.

पंचमीच्या आदल्या दिवशी, मी अंगण सारवत होते, तर गाडीवाटेला आधी गुलाबी ठिपका दिसला. मग ठिपक्याखाली मिशा दिसल्या. बैलगाडीत इवाई, डोक्याला तोच फेटा, धुऊन धुऊन पार फिका पडलेला. आणि मागं, पदर सावरत, तुझी आई. मी सारवणाचा हात तसाच घेऊन ओरडले, "आत्याबाई!" तर त्या आधीच दारात, पदर नाकापर्यंत, आणि पदराआडून रडतायत का हसतायत ते मला आजवर कळलं नाही.

मामंजी बाहेर आले. माझ्या कानात म्हणाले, "बघितलंस? आला का न्हाय शेवटी नाक घासत?" इवाई गाडीतून उतरले, मिशीवर हात फिरवला, आणि म्हणाले, "इवाई, मानलं तुम्हाला. समद्या मुलखापुढं असं म्हणायचं, त्याला वाघाचं काळीज..."

मी बादली लाथाडली. शेणकाल्याचा पाट थेट इवायाच्या पायापाशी.

"अगं! आंधळी का काय?" मामंजी खेकसले.

"चहा ठेवते," मी म्हटलं.

चहा घेताना इवाई पुन्हा सुरू. "न्हाय, पण रेडिओवर तुम्ही जे..." मी फुंकणी पाडली. जेवताना, "मी रामपारी पोरांना सांगितलं, माणसानं आपली चूक..." मी तांब्या पाडला. मामंजी म्हणाले, "पोरीला फिट येते का काय, वैद्याला दाखवा." तुझी आई पाटावर बसून इतकी हसत होती की तिला ठसका लागला. तिला समदं ठाऊक होतं, तिनं ताज्या सेलांवर चारही ओव्या ऐकल्या होत्या. तिचा सासरा ऐकता ऐकता उठून आत गेला, आणि पेटीतून फेटा काढून धुवायला टाकला, हे तिनं मला मागून सांगितलं.

शेवटी उठताना इवायानं मामंजींना मिठीच मारली. "झालं गेलं गंगंला मिळालं," म्हणाले. मामंजी म्हणाले, "आमच्याकडून पण." एकाला वाटलं त्याला माफी मिळाली, दुसऱ्याला वाटलं समोरचा नमला. दोघं जिंकून घरी. रंग मात्र त्या दिवशी सुटला नाही. आता सुटायला राहिलाच नव्हता.

झोक्यावर तुझी आई बसली. कोंबड्या हाकलाव्या लागल्या आधी, त्यांना वाटत होतं झोका त्यांचाच.

मामंजींना कळलंच नाही, असं समजू नको. पुढं कधीतरी स्टेशननं त्या ओव्या पुन्हा लावल्या. मामंजी तेव्हा रेडिओ गळ्यात अडकवून माळावर होते, सेल नवे. तिन्हीसांजेला घरी आले, मेंढरं कोंडली, हातपाय धुतले, आणि चुलीपाशी येऊन बसले. मग म्हणाले,

"मेंढरांच्या आड कोण रडतं गं?"

आत्याबाईंनी भाकरी उलटली. "मेंढरं."

"हं," मामंजी म्हणाले, आणि जेवले. दुसऱ्या दिवशी तो डागाचा सदरा घातला, आणि वरून घोंगडं घेतलं नाही.

आता दोघंही नाहीत. रेडिओ माझ्याकडं आहे, मुकुंदवाडीच्या ह्या घरात, फ्रिजवर. जातं पण आणलंय, गॅलरीत, सून त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवते. तुझी आई यंदा पंचमीला येतेच आहे, गुडघे दुखतात तरी. झोका गॅलरीत बांधणार आहे, लिंब नाही तर नाही.

तर तू आता बघते-बिघते म्हणू नको. मला अजून चार ओव्या येतात, आणि माझ्या नातवाला मोबाईलवर रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकता येतं. त्या ग्रुपवर तुझी सासू आहे, सासरा आहे, तुझा तो ऑफिसातला नवरा, आमचा जावई, पण आहे. मी कुंडी खाली ठेवून जात्यावर बसले, तर काय काय मनातलं निघेल, मलाच सांगता येत नाही. आणि इथं सेल जायची सोय नाही, चार्जर लावलेला असतो.

मुकुंदवाडीचं स्टेशन बारकं आहे, चुकायची नाहीस. उतरलीस की फोन कर, मी फाटकापर्यंत येते. लवकर ये गं बाई.